कच्ची वही

लक्ष्मीपूजनाच्या रात्री साऱ्या महाराष्ट्रात फटाके वाजत असतात, तेव्हा आमच्या तेरखेड्यात बहुधा पैसे मोजले जात असतात. हलवायाच्या पोराला पेढ्याचे अप्रूप नसते, तसे आमच्या गावाला आवाजाचे नाही. सोलापूर-धुळे रस्त्याने कधी गेला असाल, तर रस्त्याच्या कडेची फटाक्यांची दुकाने तुम्ही पाहिली असतील. दिवाळीच्या आधी लोक गाडी थांबवून पिशव्या भरून माल नेतात. त्या दुकानांचा माल ज्या शेडींत तयार होतो, त्या गावाबाहेर माळावर, एकमेकींपासून अंतर राखून बांधलेल्या असतात. सरकारी कागदावर त्यांना 'शोभेच्या दारूचे कारखाने' म्हणतात. धाराशिव जिल्ह्याबाहेरचे लोक आम्हाला महाराष्ट्राची शिवकाशी म्हणतात आणि आम्हीही ते नाव मिरवतो. सोरा, गंधक आणि कोळसा यांच्यावर आमची चूल पेटते. मधूनच एखाद्या शेडीत धडाका होतो, माणसे जातात, चार दिवस पंचनामे होतात, आणि पुन्हा कागदाच्या नळ्या वळायला बाया माळावर निघतात.

या धंद्यात मी जन्म काढला, पण दारूला हात लावला नाही. मी मुनीम. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर हजेरीपट लिहीत होतो. अक्षर बरे म्हणून पुढे एका कारखानदाराने वह्या लिहायला बसवले. तेव्हापासून आजतागायत, म्हणजे पन्नासहून अधिक वर्षे, मी जमा आणि खर्च याशिवाय दुसरे फारसे काही लिहिलेले नाही. त्यामुळे हे लिहिताना हात थोडा चाचरतो आहे, तो वाचकांनी चालवून घ्यावा.

आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा होते. पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक, वर 'श्री', दोन्ही बाजूंना 'शुभ' आणि 'लाभ'. हळदकुंकू, लाह्या, बत्तासे. ही पूजा होते ती पक्क्या वहीची. धंद्यात आणखी एक वही असते, ती पाटावर येत नाही. ती ज्वारीच्या कोठीमागे, नाहीतर गादीखाली असते. तिला आम्ही कच्ची वही म्हणतो. कोणाचा माल किती गेला, रोख किती आली, कोणत्या जत्रेला आणि कोणत्या लग्नाला किती आतषबाजी दिली, निवडणुकीत गुलालाबरोबर किती बाँब उडाले, हे सारे तिच्यात खरे खरे असते. पक्की वही दाखवण्यासाठी आणि कच्ची वही जगण्यासाठी, असा आमचा सरळ हिशेब. यात काही चुकते आहे असे मला पन्नास वर्षांत एकदाही वाटले नाही. साहेब येत, पक्की वही पाहत, चहा पीत, जात. सरकारचे चार पैसे बुडाले तर सरकार रात्री उपाशी झोपत नाही, असे मी गमतीने म्हणत असे.

माझ्या मुलाने २००८ साली स्वतःच्या दोन शेडी घातल्या. त्याच्याही वह्या मीच लिहू लागलो.

२०११ साली त्याचे लग्न ठरले. मुलगी बार्शीकडची. बैठकीत मुलीच्या मामांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "मुलगा काय करतो?" उत्तर मी दिले. दोन शेडी सांगितल्या, साडेचार एकर सांगितली, टेम्पो सांगितला. टेम्पोचे हप्ते अजून निम्मे जायचे होते, ते सांगितले नाही. वर्षाला किती सुटतात, असे विचारल्यावर मी जो आकडा सांगितला त्यात दहा हजारांची भर होती. लग्नाच्या बैठकीत असे चालतेच. वधुपिता तो आकडा ऐकताना मनातल्या मनात थोडा कमी करून घेतो, आणि आपणही त्याने तसे करावे याच बेताने सांगतो. सुपारी फुटली. २०१३ साली नातू झाला.

पुढचे मी लांबवत नाही. संसार मोडला. दोष कोणाचा, हे विचारायला बसलेल्या प्रत्येक बैठकीत मी होतो, आणि प्रत्येक बैठकीत आम्ही सुनेचाच दोष काढला. खरे असे की मुलगा हात उगारत असे, आणि घरात मी वडीलधारा असून मधे पडत नसे. २०१६ च्या दिवाळीनंतर ती पोराला घेऊन माहेरी गेली ती परतली नाही. बार्शीला एका दुकानाच्या मागच्या खोलीत फॉल-पिको करू लागली, ब्लाऊज शिवू लागली. २०१७ साली तिने पोटगीचा अर्ज केला.

पोटगी या शब्दाचा अर्थ मला तेव्हा नीट कळला असे मी म्हणणार नाही. आमच्याकडे तो शब्द शिवीसारखा वापरतात. 'तिने पोटगी लावली' असे म्हणताना लोकांचा आवाज असा असतो, की जणू तिने घराला आग लावली. पोटगी म्हणजे पोटापुरते, हा साधा अर्थ त्यात कोठे उरतच नाही. टाकलेल्या बायकांनी उठून हक्क मागावा ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली होती, ॲडव्होकेट निशा शिवूरकर आणि त्यांचे सहकारी त्या कामात होते. ते नाव मी वर्तमानपत्रात वाचले होते आणि पान उलटले होते. आपल्या घरात असे काही होईल असे कोणाला वाटते?

अर्जाची नोटीस आली त्या रात्री मुलगा, मी आणि त्याचा एक मित्र, असे तिघे बसलो. मित्र कोर्टकचेऱ्यांतला जाणकार. तो म्हणाला, "अण्णा, कायद्यात एकच शब्द महत्त्वाचा आहे. ज्याची ऐपत आहे, त्याने पोटगी द्यायची. ऐपतच नसली तर?"

हे मात्र त्याने खरे सांगितले. नंतर मी स्वतः वाचून पाहिले. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमात, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात, पुरेशी साधने असूनही बायको, पोरे वा आईबाप यांना सांभाळायला जो नाकारतो त्याच्याबद्दल लिहिले आहे. पूर्वी वाचनालयातून आणलेल्या कौटिलीय अर्थशास्त्राच्या भाषांतरातही असेच होते: शक्ती असून बायकोपोरांना जो पोसत नाही, त्याला बारा पण दंड. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही 'शक्ती असून' हे शब्द घालावे लागले. आणि ते घातले त्या दिवसापासून, शक्ती नसल्याचे सोंग कसे वठवावे याचा विचार करणारा एखादा तरी मुनीम पाटलीपुत्रात असणारच.

तेरखेड्यात तो मी होतो.

काम फार अवघड नव्हते. साडेचार एकरात मुलाचा जो हिस्सा होता, त्याचे त्याने माझ्या नावे हक्कसोडपत्र करून दिले. रजिस्टर कचेरीत गर्दी होती, अंगठे आणि फोटो देऊन तासाभरात मोकळे झालो. तलाठ्याकडे फेरफार पडला, सातबाऱ्यावरून मुलाचे नाव गेले. परवान्याची मुदत संपत आली होती. नवा परवाना माझ्या नावाने मागितला. टेम्पो चुलतभावाच्या नावावर चढला. बँकेतले खाते तसेच ठेवले, पण त्यात येणे-जाणे बंद केले. राहिला तो मुलगा. त्याच्यासाठी मी पक्क्या वहीत मजुरीचे पान उघडले आणि त्यावर त्याचे नाव लिहिले. महिना सात हजार. स्वतःच्या कारखान्यात तो माझा मजूर झाला.

सहा वर्षांपूर्वी बैठकीत ज्या तोंडाने मी त्याचा आकडा फुगवला, त्याच तोंडाने तो आता उतरवला. तेव्हा वरपक्षाने वाढवून सांगणे ही रीत होती. आता प्रतिवादीने कमी करून सांगणे ही रीत आहे, असे वकिलांच्या कारकुनाने मला हसत हसत सांगितले. पुढे कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून मी अशी कितीतरी माणसे पाहिली. कोणाची किराणा दुकाने आईच्या नावावर गेलेली, कोणाची म्हैस भावाची झालेली, एकाची तर नोकरीच सुटलेली. तो रोज सकाळी डबा घेऊन कोठे जातो, हे मात्र त्याच्या साऱ्या गल्लीला ठाऊक होते.

आणि गल्लीला ठाऊक असते हाच यातला चमत्कार आहे. आमच्यासारख्या गावात माणसाचे उत्पन्न लपत नाही. कोणाची सोयाबीन किती पोती झाली, कोणाला कांद्याने बुडवले, कोणाच्या घरी रात्री कोणता टेम्पो लागला, हे पिठाच्या गिरणीवर दळण होईपर्यंत सगळ्यांना कळते. माझ्या मुलाला त्या सीझनला काय सुटले, हे न्हाव्यापासून ग्रामपंचायतीच्या शिपायापर्यंत कोणीही हजार-पाचशेच्या फरकाने सांगितले असते. पण कोर्टात उभे राहून सांगेल असा एकही नाही. "कशाला दुसऱ्याच्या भानगडीत?" एवढे एक वाक्य साऱ्या गावाला पाठ असते. उत्पन्न लपवण्यासाठी जमिनीत खड्डा खणावा लागत नाही. चार माणसांनी मान वळवली की पुरते.

२०१८ साली माझी साक्ष झाली. शपथ घेतली आणि सांगितले, की कारखाना माझा, जमीन माझी, मुलगा माझ्याकडे रोजाने कामाला आहे. सुनेच्या वकिलाने चारदोन प्रश्न विचारले. त्यांच्याकडे दाखवायला काही नव्हते, कच्ची वही कोठीमागे होती. ती समोरच्या बाकावर पोराला मांडीवर घेऊन बसली होती. मी बाहेर आलो तेव्हा पोर धावत आले आणि माझ्या धोतराला बिलगले. "आबा, आमच्याकडे चला ना." मी खिशात हात घातला, गोळ्या होत्या त्या दिल्या.

२०१९ साली हुकूम झाला. तिला दीड हजार आणि पोराला दोन हजार. तिने पोरासाठी आठ हजार मागितले होते. त्या रात्री घरात शिरा झाला, हे लिहायला मला लाज वाटते, पण झाला.

दोन हजारांत पोराचे काय होते? शाळेची रिक्षा आणि दूध झाले की संपले. कायद्याचाही इतिहास पाहिला तर पोरांच्या पोटाची किंमत तिथे नेहमीच काटकसरीने धरलेली दिसते. इंग्रजांच्या १८९८ च्या संहितेत मर्यादा महिना पन्नास रुपयांची होती. १९५५ साली ती पाचशे झाली, १९७३ च्या नव्या संहितेतही पाचशेच राहिली. पेट्रोल, तूरडाळ, एसटीचे भाडे यांना कोणी अशी मर्यादा घातली नव्हती. २००१ साली केंद्र सरकारने ती काढून टाकली. मर्यादा गेली, तेव्हा ऐपत हीच काय ती मर्यादा उरली, आणि ऐपत माझ्यासारख्यांच्या हातात होती.

आणि हे दोन हजारही वेळेवर जात नसत. तीन-चार महिने थकले की ती वसुलीचा अर्ज करी, वॉरंट निघे, मग मुलगा एकदम रक्कम भरी. न भरणाऱ्याला महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, हे त्याला ठाऊक होते, आणि कैद होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत थांबता येते, हेही ठाऊक होते. २०२० साली कोरोनाने खरोखरच धंदा बसला. जत्रा नाहीत, वराती नाहीत, माल शेडीत पडून. त्या वर्षी आमचे रडणे पहिल्यांदाच खरे होते, आणि नेमके तेव्हा कोर्टात कोणी ते मनावर घेतले नाही. लांडगा आला रे आला, दुसरे काय.

त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. तो आपल्या महाराष्ट्रातल्याच खटल्यात दिला, म्हणून इथे थोडे सांगतो. रजनेश विरुद्ध नेहा या नावाने तो ओळखला जातो. मूळ प्रकरण नागपूरच्या कुटुंब न्यायालयातले. २०१३ च्या आरंभी पोर जन्मल्यावर थोड्याच दिवसांत बाई घर सोडून गेली, सप्टेंबरात तिने अर्ज केला, आणि २०१५ च्या ऑगस्टमध्ये तिला महिना पंधरा हजार व मुलाला आधी पाच आणि पुढे दहा हजार अंतरिम पोटगी मिळाली. अंतरिम म्हणजे खटला चालेपर्यंतची. नवऱ्याने ती उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात आणि मग दिल्लीत नेली. दोन्हीकडे तो हरला, पण सात वर्षे गेली. पाळण्यातले पोर तोवर शाळेत जाऊ लागले होते. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि सुभाष रेड्डी यांच्या खंडपीठाने एवढ्यावर प्रकरण मिटवले नाही. साऱ्या देशातल्या कोर्टांसाठी त्यांनी एक नमुना घालून दिला. पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही मिळकतीचे आणि देण्याचे प्रतिज्ञापत्र त्या नमुन्यात द्यायचे. पोटगीही अर्जाच्या तारखेपासून द्यायची, म्हणजे लांबवण्यात फायदा राहू नये.

मी हा नमुना पाहिला आहे. पन्नास वर्षे कागद भरणारा माणूस म्हणून सांगतो, तो करणाऱ्याला जग ठाऊक होते. शेतकऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे: जमीन किती, हिस्सा किती, जिरायत की बागायत, पिके कोणती, तीन वर्षांचे उत्पन्न काय, जनावरे किती. दुसऱ्या नमुन्यात एक कलम असे आहे, की लग्न कायम असताना कोणती मिळकत दुसऱ्याच्या नावे करून दिली, आणि का. त्या 'का'पाशी माझे बोट थांबले.

पण नमुना माणसाच्या आत शिरत नाही. मुलगा म्हणाला, "लिहून टाकू, की म्हाताऱ्या बापाचा जीव जमिनीत होता म्हणून त्यांच्या नावे केली." २०२१ साली सुनेने पोटगी वाढवून मागितली होती आणि तिच्या वकिलाने प्रतिज्ञापत्राचा आग्रह धरला होता. आमचे उत्तर तयार होते. परदेशातही असेच होते म्हणतात. ऑस्ट्रेलियात १९८८ पासून पोरांची पोटगी वसूल करायला सरकारने करखात्यातच माणसे बसवली. स्वीडनमध्ये बाप देत नसला तर सरकार पोराला ठरावीक रक्कम आधी देते आणि मग बापामागे लागते, हे मला फार आवडले. तरी पगारदार माणूस सगळीकडे लौकर सापडतो आणि रोखीचा धंदेवाला निसटतो. आणि आमचा धंदा तर असा, की वर्षाची कमाई दसरा ते दिवाळी या वीस-पंचवीस दिवसांत, बहुतेक रोख, रस्त्याच्या कडेला, अनोळखी गिऱ्हाइकाकडून.

त्या दिवाळीच्या आधी मी बार्शीला गेलो. दर दिवाळीला जात असे. मुलाला न सांगता, दवाखान्याचे निमित्त करून. सून मला घरात घेई, पाणी देई, जेवल्याशिवाय सोडत नसे. तिने मला एकदाही त्या साक्षीबद्दल विचारले नाही. मीही काढले नाही. त्या वर्षी पोर आठ वर्षांचे झाले होते. मी त्याच्यासाठी फटाक्यांचे खोके नेले होते, फुलबाज्या, भुईचक्रे, झाडे, सुतळी बाँब. पोराने खोके उघडून पाहिले. त्याचे डोळे चमकले. मग त्याने झाकण लावले आणि खोके माझ्याकडे सरकवले.

"आबा, हे परत न्या. बाबांना विकता येतील."

मी म्हटले, "अरे, तुझ्यासाठी आणलेत."

"नको. बाबा मजूर आहेत ना. मालकाने पैसे कापले तर?"

शाळेच्या कुठल्याशा कागदावर वडिलांचा व्यवसाय लिहायचा होता. आईने कोर्टाच्या कागदात होते तेच लिहून दिले होते. पोराने ते वाचले आणि खरे मानले. मी सुनेकडे पाहिले. ती मशीनवर मान घालून बसली होती, तिने पाय थांबवला नाही.

माझ्या पक्क्या वह्या आयुष्यात अनेकांनी तपासल्या. त्यांवर शिक्के बसले, सह्या झाल्या. पण त्या खऱ्या आहेत असे त्यांतल्या एकानेही मनातून मानले असेल असे मला वाटत नाही. कोर्टातल्या साहेबांनाही शंका होतीच, पुरावा नव्हता इतकेच. गावाला तर माहीतच होते. साऱ्या जगात एका माणसाने ते मजुरीचे पान अक्षर न् अक्षर खरे धरले, आणि ज्याचे पैसे त्या पानाखाली दडवले होते तोच तो. वर तो स्वतःच्या वाटचे फटाके त्या मजुराला द्यायला निघाला होता.

खोके मी परत आणले. एसटीत मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारचा माणूस म्हणाला, "काय आजोबा, नातवाला नेताय वाटतं?" मी हो म्हणालो.

माणसाने त्याच रात्री काहीतरी करायला हवे होते, गोष्टीत तसे होते. मी चार महिने काही केले नाही. बाप होतो. मुलाचे वाटोळे आपल्या हाताने करायचे का, हा प्रश्न मला छळत होता. तो मुलगा काही राक्षस नाही. आईच्या आजारपणात रात्ररात्र जागला आहे. पोराचा विषय निघाला की जेवता जेवता उठून जाई. त्याच्या मनात एक पक्के बसले होते, की तो पैसा पोराला मिळत नाही, तिला मिळतो, आणि तिला एक पैसा द्यायचा नाही. मी म्हणे, "पोराच्या पोटात भाकरी तिच्याच हाताने जाते ना?" तो म्हणे, "अण्णा, तुम्हाला नाही कळायचं." शिवाय धाक होताच. शपथेवर खोटे बोललो होतो. वयाच्या बहात्तराव्या वर्षी कोर्टाने मलाच आत घातले तर? आणि कच्ची वही बाहेर काढायची, म्हणजे तिच्यातली सारी नावे बाहेर येणार. कितीतरी दुकानदारांनी माझ्या भरवशावर रोखीचा व्यवहार केला होता. मुनिमाने कच्ची वही दाखवणे म्हणजे वैद्याने रोग्याची गोष्ट चारचौघांत सांगण्यासारखे.

अखेर मी एक केले. कच्च्या वहीतून मुलाने घरखर्चाला आणि स्वतःला उचललेल्या रकमांची पाने तेवढी उतरवून काढली, २०१६ पासूनची. गिऱ्हाइकांची नावे गाळली. मूळ वही बरोबर घेतली आणि सकाळच्या एसटीने बार्शीला गेलो. सुनेने पाने पाहिली. तिला आकडे पटकन कळले, दिवसभर मापे घेणारी बाई ती. बराच वेळ ती काही बोलली नाही.

मग म्हणाली, "मामा, साक्ष द्याल, पण संध्याकाळी जेवाल कुठं?"

मला वाटले होते ती रडेल, पाया पडेल, निदान 'देव पावला' म्हणेल. तिने हा हिशेब आधी केला. मी म्हटले, "ते बघू पुढचं पुढं."

२०२२ साली माझी दुसरी साक्ष झाली. मुलाच्या वकिलांनी उलटतपासणीत विचारले, "तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?" मी म्हटले, "तेव्हा." ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही खोटं बोलणारे आहात." मी म्हटले, "होय, माझा धंदाच तो होता." कोर्टात कोणीतरी हसले. मी गमतीने बोललो नव्हतो. मुलगा मागे भिंतीला टेकून उभा होता. मी पिंजऱ्यातून उतरलो तेव्हा तो तिथे नव्हता.

२०२३ साली हुकूम झाला. पोराला सहा हजार, तिला तीन. अर्जाच्या तारखेपासूनचा फरकही. माझ्या आधीच्या खोट्या साक्षीबद्दल कोर्टाने निकालात दोन ओळी लिहिल्या आहेत. वकील म्हणतात, त्यावर पुढे काही होईलच असे नाही. होवो. जमीन मी नातवाच्या नावे करायला निघालो होतो, त्यावर मुलाने हरकत घेतली आहे. तो वाद निराळा चालू आहे, म्हणून त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

आम्ही एकाच वाड्यात राहतो. मी पुढच्या पडवीत, तो मागे. माझा डबा गावातली एक बाई देते. मुलगा माझ्याशी बोलत नाही, पण थंडीत एकदा पडवीत घोंगडी टाकून गेला, ती त्याचीच होती. वह्या आता दुसरा मुनीम लिहितो. पोरगा हुशार आहे, मोबाईलवर लिहितो. कच्ची वही त्याच्याकडेही असणारच, मोबाईलात कोठीमागची जागा कोठे असते ते मला माहीत नाही.

मी मात्र एक छोटी वही घातली आहे. तिच्यात दर महिन्याला एकच ओळ असते, नातवाचे नाव, सहा हजार, आणि जमा झाल्याची तारीख. तारीख सून फोनवर सांगते. ज्या महिन्यात पैसे येत नाहीत त्या महिन्याची ओळ मी तारखेवाचून कोरी सोडतो. पहिले वर्ष ओळी भराभर भरल्या. दुसऱ्या वर्षी तीन कोऱ्या राहिल्या आणि वॉरंटनंतर भरल्या. यंदा श्रावणापासून पुन्हा दोन कोऱ्या आहेत.

सीझन चांगला चालला आहे. रात्री मागच्या अंगणात टेम्पो लागतो, खोकी चढतात. मला आताशा नीट दिसत नाही, पण टेम्पोत किती खोकी जातात ते आवाजावरून कळते. काल बेचाळीस गेली. परवा छत्तीस. मी ते आकडे वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवतो आहे.